पूर्वपक्षाची खुर्ची

"नाही म्हणा," एस्तेरबाई म्हणाल्या.

"नो," मी म्हटले.

"हे टांगेवाल्याशी बोलणं झालं. माझं मत असं, की या खोलीतला पंखा काढून टाकावा. तुम्हांला ते मान्य नाही. आता सभ्य माणसासारखं नाही म्हणा."

"आय डू नॉट अग्री."

"आता दार आपटलंत. शास्त्रीबुवा, इंग्रजीत नाही म्हणायचं तर आधी दार उघडायचं, पाहुण्याला आत घ्यायचं, बसवायचं, त्याच्या प्रवासाची चौकशी करायची, आणि मग सांगायचं की घरात जागा नाही. आय सी युवर पॉइंट, बट. म्हणा."

मी म्हटले.

"बट म्हणण्याआधी थोडं थांबा. सगळं 'नाही' त्या थांबण्यात असतं."

मी थांबून म्हटले. एखादा गवई शिष्याचा षड्ज ऐकतो तसे त्यांनी ते डोळे मिटून ऐकले. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "आणखी थोडं."

ही गोष्ट अहमदनगरची आणि बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. मी तेथील एका पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवीत असे. परदेशातील एका विद्यापीठात भारतीय तर्कावर परिषद भरणार होती आणि तिचे निमंत्रण मला आले होते. इंग्रजी वाचलेले मला समजे. परंतु भर सभेत उभे राहून एखाद्या विद्वानाचे मत खोडायचे, आणि तेही त्याचा मान राखून, याला लागणारे शब्द माझ्यापाशी नव्हते. संस्कृतात ते मला गुरुगृहीच लाभले होते. इंग्रजीत मी मुका होतो. कुणीतरी एस्तेरबाई अमोलिक यांचे नाव सुचविले. मिशनच्या आवारात, सीताफळाच्या झाडांआड त्यांचे बैठे घर होते. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकविले होते आणि आता त्या एकट्या राहत. कौतिका नावाची एक बाई घरकाम पाहत असे.

पहिल्या दिवशी मी दाराजवळच्या स्टुलावर टेकू लागलो, तेव्हा त्यांनी खिडकीपाशी असलेल्या, हातांच्या एका वेताच्या खुर्चीकडे बोट दाखविले.

"तिथे बसा. समोरचं माणूस मला उजेडात लागतं."

मी बसलो. बैठकीचा वेत मधोमध खाली गेलेला होता, आणि तो खोलगटपणा माझ्या देहाच्या मापाचा नव्हता. माझ्यापेक्षा रुंद आणि किंचित उजवीकडे कलून बसणाऱ्या माणसाने तो घडविला होता. तास संपेपर्यंत मीही उजवीकडे कललो होतो.

घराबाहेर अन्नपाणी न घेण्याचा माझा नेम होता. घरून निघताना मी पाण्याचा तांब्या बरोबर नेई. एस्तेरबाईंनी त्यावरून मला एकदाच छेडले. "तुमच्या शास्त्रात चहाचा उल्लेख नाही, मग निषेध कुठून काढलात?" मी उत्तर शोधू लागलो, तर हसून म्हणाल्या, "राहू दे. विचार करून इंग्रजीत सांगा." पुन्हा मात्र त्यांनी आग्रह केला नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टर रूबेन हिवाळे आले. त्यांची आई एस्तेरबाईंची विद्यार्थिनी, म्हणून ते बाईंना काकू म्हणत. माझ्यासमोर बोलावे की नाही या विचाराने ते घुटमळले.

"बोल, शास्त्रीबुवा घरचेच आहेत," बाई म्हणाल्या.

"काकू, पोटातली गाठ वाढते आहे. दिवाळीच्या आत ऑपरेशन केलं तर मी तुम्हांला बरं करून घरी आणीन. त्यानंतर माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

"विचार चालू आहे, रूबेन."

"किती दिवस चालणार?"

"एका बाजूचा झालेला आहे. दुसऱ्या बाजूचं अजून आलं नाही."

डॉक्टरांनी खोलीभर पाहिले. दुसऱ्या बाजूला खुर्ची होती आणि खुर्चीत मी होतो.

मी निघालो तेव्हा कौतिका फाटकाशी उभी होती. पदराने हात पुशीत म्हणाली, "शास्त्रीबाबा, तुमी तरी सांगा बाईंना. घ्या म्हणावं कापून. रातच्याला इव्हळत्यात, अन् सकाळी मला म्हणत्यात, तुला सपान पडलं आसंल."

"मी काय सांगणार? मी त्यांचा विद्यार्थी."

"तुमचं आयकतीन. त्या खुर्चीत बसल्यालं माणूस बोललं तर आयकत्यात."

"त्या खुर्चीत कोण बसत असे?"

"सायेब. अमोलिक सर. ते गेल्यापून त्या खुर्चीत कुनी बसलं नव्हतं. मला पुसायला सुदिक जवळ येऊ देत नव्हत्या."

अमोलिक सरांविषयी पुढे बाईंनी स्वतःच सांगितले. मी विचारले नव्हते. पाठ संपला होता, ऊन पायरीवरून उतरत होते, आणि त्या माझ्याकडे नव्हे तर माझ्या खांद्यावरून खिडकीकडे पाहत बोलत होत्या.

"लग्न झालं त्याच वर्षी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मराठीत. ते शेवगावकडचे. त्यांच्या तोंडून एक शब्द गेला, माझ्या तोंडून दुसरा. दोन्ही शब्द घरात राहिले. जेवायला बसलं की तेही पानावर बसायचे. मग एके दिवशी त्यांनीच ठरवलं, की यापुढे या घरात विरोध इंग्रजीत करायचा. प्रार्थना, जेवण, आजार, लाड, सगळं मराठीत. नाही म्हणायचं तर इंग्रजीत. परक्या भाषेतला शब्द लागतो, पण रुतत नाही."

"आणि ते पाळलं?"

"जन्मभर. आवारातल्या लोकांना वाटायचं, सर आणि मॅडम शेक्सपिअर वाचताहेत." त्या हसल्या. "ते माझ्या कुठल्याही मताला पहिल्या बैठकीत हो म्हणाले नाहीत. पडद्याचा रंगसुद्धा नाही. मी मत मांडायचं, त्यांनी नाही म्हणायचं, मी उत्तर द्यायचं. अशा फेऱ्या होऊन जे उरेल ते आमचं. त्यांच्या त्या नाहीला मी टेकून उभी असायचे, शास्त्रीबुवा. आता मत मांडते आणि समोरून काहीच येत नाही. मग ते मत खरं की माझा नुसता लहरीपणा, कसं ओळखावं?"

"शास्त्रही तेच म्हणते," मी म्हटले. "पूर्वपक्षाखेरीज सिद्धान्त नाही."

"पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाचं मत ना?"

"हो. आपले मत सांगण्याआधी ते मांडावे लागते. आणि असे मांडावे लागते, की खुद्द प्रतिपक्षी म्हणेल, मलाही इतके नीट सांगता आले नसते. माझे गुरुजी म्हणत, पूर्वपक्ष बोलताना वक्त्याने आपले नाव विसरावे."

"आणि तो प्रतिपक्षी हयात नसला तर?"

"बहुधा नसतोच. शतकांपूर्वी निवर्तलेल्यांचे पूर्वपक्ष आम्ही रोज बोलतो."

एस्तेरबाईंनी पंख्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्हांला जमेल."

त्या दिवसापासून पाठाचे स्वरूप बदलले. त्या मला नुसता शब्दप्रयोग देत नसत, त्याची बैठकही देत. 'आय बेग टु डिफर', म्हणजे क्षमा असावी, माझे मत वेगळे आहे. हे म्हणताना हनुवटी किंचित खाली घ्यायची. 'दॅट मे बी सो', म्हणजे तसे असेलही; हे खिडकीबाहेर पाहत म्हणायचे, समोरच्याकडे पाहिले तर त्यातला विरोध निघून जातो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट' आदर संपल्यावर वापरायचे. 'आय अ‍ॅम इन्क्लाइन्ड टु थिंक' याचा अर्थ माझा कल असा आहे, पण तो म्हणणाऱ्याचे मन आधीच ठरलेले असते. मी सारे आत्मसात करीत होतो. पूर्वपक्ष उभा करण्याची सवय हाडात भिनलेली, त्यामुळे मला हा अभ्यास कठीण गेला नाही. तो फार सोपा जात होता, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती.

"सहमतीचे शब्द केव्हा शिकविणार?" मी एकदा विचारले. "परिषदेत कुणाशी सहमत होण्याचाही प्रसंग येईल."

"त्याला अवकाश आहे. तुमचं 'नाही' आधी पक्कं होऊ दे. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्या 'हो'वर भरवसा ठेवता येतो."

एका दुपारी त्यांनी इंग्रजीत मत मांडले, "मला वाटतं, शेवगावची जमीन आपण तेव्हाच विकायला हवी होती."

मला त्या जमिनीविषयी काहीही ठाऊक नव्हते. असे प्रश्न सरावासाठीच असतात, काहीतरी कल्पून विरोध करायचा एवढेच माझे काम. मी खिडकीबाहेर पाहिले, थांबलो आणि इंग्रजीत म्हणालो, "तुझं म्हणणं कळतं मला. पण ज्या मातीत त्याला ठेवला, ती माती विकायची कशी?"

वाक्य संपल्यावर मला आश्चर्य वाटले ते त्यातील आशयाचे. आमच्यात मृताला मातीत ठेवीत नाहीत. सरावासाठी कल्पना करायची झाली तरी ही कल्पना मला सुचण्यासारखी नव्हती.

एस्तेरबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"कौतिकानं सांगितलं का तुम्हांला?"

"काय?"

"काही नाही. वाक्यरचना बरोबर आहे." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. त्यांची मुद्रा उजळली होती. "पुढचं घेऊ."

नंतर मी कौतिकाला विचारले. त्यांचा एकुलता एक मुलगा पाळण्यातच गेला होता आणि शेवगावला पुरला होता. "त्याचं नाव कुनी काढत नाय ह्या घरात," ती म्हणाली. "मी तर तुमच्याशी आजपातुर त्या वावराचं बोललेच नाय." बोलताना ती माझ्यापासून जरा दूर सरकली.

योगायोग म्हणून मी तो विषय मनावेगळा केला. तर्क शिकविणाऱ्या माणसाला योगायोगाची ओळख असावी लागते.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही कशावर तरी वाद घालत होतो. मला वाटते, आवारातल्या विहिरीवर झाकण बसवावे की नाही यावर. बाई जोरात होत्या, मीही मागे हटत नव्हतो. इंग्रजी माझ्या तोंडून असे येत होते, की क्रियापद शोधावे लागत नव्हते. मध्येच मी थांबलो, कारण बाई बोलायच्या थांबल्या होत्या. दारात कौतिका उभी होती आणि माझ्या हाताकडे पाहत होती. माझ्या हातात कप होता. कप रिकामा होता.

जिभेवर चहाची चव होती, बिनसाखरेची.

"मी मागितला?" मी कौतिकाला विचारले.

"मागितला न्हाई," ती म्हणाली. "हात फुडं केला. सायेब करायचे तसा."

मी कप खाली ठेवला. मला नेम मोडल्याचे दुःख व्हायला हवे होते, ते झाले. परंतु त्याहून निराळे एक भय माझ्या मनात शिरले. पूर्वपक्ष बोलताना आपले नाव विसरावे असे गुरुजी सांगत, पण बोलून झाल्यावर ते परत आठवावे, हे त्यांना सांगावेसे वाटले नव्हते. ते आपोआप होते असे आम्ही सारे धरून चाललो होतो.

घरी गेलो. माझी पत्नी यमुना अंगणात तुळशीला पाणी घालीत होती. म्हणाली, "अंगणात फरशी घालून घेऊ या का या वर्षी? पाय फार भरतात."

मी अंगणाकडे पाहिले आणि उत्तर दिले. ती हसली. मग तिचे हसू विरले.

"काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"इंग्रजीत काहीतरी म्हणालात. ते असू दे. पण आवाज कुणाचा काढलात? जाड." तिने हातातली कळशी खाली ठेवली. "असं नका करू. आवडलं नाही मला."

दुसऱ्या दिवशी मी ठरवून निघालो, की बाईंना सांगायचे, माझा अभ्यास पुरा झाला, आता येणे होणार नाही. वाटेत मी ते वाक्य मराठीत घोळवीत होतो. मुद्दाम मराठीत.

एस्तेरबाई माझी वाट पाहत होत्या. निळ्या काठाची पांढरी साडी त्या नेसल्या होत्या, केस नीट बांधले होते. चेहरा बराच उतरला होता. खिडकी उघडी होती, तरी पडद्याची कड हालत नव्हती. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, "बसा. आज सहमतीचे शब्द घेऊ. संध्याकाळी रूबेन यायचा आहे. त्याला आज शेवटचं उत्तर द्यायचंय."

मी उभाच राहिलो.

"बसा ना."

मी बसलो. देह आपसूक उजवीकडे कलला.

"यू आर अ‍ॅब्सोल्यूटली राइट. अगदी बरोबर आहे तुमचं. हे कारकुनी आहे. आय कुडन्ट अग्री मोर, याहून अधिक सहमत होता येणार नाही, हे मेजवानीतलं. आय टेक युवर पॉइंट, मुद्दा स्वीकारला, हे वकिली. हे तिन्ही तुमच्या परिषदेला पुरतील." त्यांनी मला प्रत्येक एकदा म्हणायला लावले, पण त्यांचे लक्ष नव्हते. "आणखी एक आहे. व्हेरी वेल, माय डिअर."

"हे परिषदेत उपयोगी पडणार नाही."

"नाही पडणार." त्या म्हणाल्या. "सगळ्या फेऱ्या झाल्या, सगळं बोलून झालं, की शेवटी ते एवढंच म्हणायचे. फार थोड्या वेळा म्हणाले. बाळाला शेवगावच्या मातीत ठेवू असं मी म्हटलं, तेव्हा म्हणाले होते. ते म्हणाले की विषय संपायचा. मग मी एकटी नसायचे."

त्यांनी हात मांडीवर जोडले आणि इंग्रजीत, प्रत्येक शब्द वेगळा ठेवीत म्हणाल्या, "माझ्या मते माझं जगून झालं आहे. सुरी नको. मला तुमच्याकडे यायचं आहे." मग मराठीत, हलक्या आवाजात, "आता तुम्ही म्हणा. शेवटचं शिकवलं ते."

तेव्हा मला उमगले. इतके आठवडे त्या मला शिकवीत नव्हत्या. त्या ओळख पटवून घेत होत्या. शेवगावच्या मातीवर ती पटली होती आणि रिकाम्या कपावर तिचे शिक्कामोर्तब झाले होते. आता त्या खुर्चीतून हो निघाले, तर तो होकार त्या खरा मानणार होत्या, आणि संध्याकाळी डॉक्टरांना परत पाठविणार होत्या.

मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि माझ्या घशात हो आले.

ते माझे नव्हते. जन्मभर नाही म्हणत आलेला, आणि आता फार दिवस एकटा राहिलेला कुणी माणूस त्या होकारात होता. त्याच्या मनात दुष्टावा नव्हता. असता तर मला त्याला अडविणे सोपे गेले असते. ओठ 'व्हेरी' म्हणण्यासाठी जुळत होते. मी इंग्रजीतला एखादा नकार धरू पाहिला. आय सी युवर पॉइंट. तो त्यांचा होता. आय बेग टु डिफर. माझी हनुवटी खाली गेली, आणि तीही त्यांचीच. जो नकार धरावा तो वितळून होकार होत होता.

"नाही," मी म्हटले. "नाही, बाई. मला हे पटत नाही."

एस्तेरबाई चमकल्या.

"या घरात मराठीत कुणी नाही म्हणत नाही, शास्त्रीबुवा."

"ठाऊक आहे."

"मग?"

"इंग्रजीतले सगळे नकार त्यांचे आहेत. माझ्यापाशी हा एवढा एकच आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. त्या खुर्चीत मी बसत आलो तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे, माझ्या खांद्यावरून पलीकडे नव्हे, प्रथमच पाहिले असे मला वाटले.

"तुमचं मत कुणी विचारलं?"

"कुणी नाही."

"मग ते बाजूला ठेवा. ते काय म्हणतात, तेवढं सांगा."

पूर्वपक्ष खोटा मांडणे हे आमच्या शास्त्रात महापाप आहे. बाहेर कुणीतरी वाळलेली पाने झाडीत होते, तो आवाज थांबला.

"ते हो म्हणतात," मी सांगितले.

त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान पसरले, की मी हे काय करून बसलो असे मला झाले. मग डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "आता तुमचं सांगा. पण लांबवू नका."

"माझे शास्त्राचे नाही. साधेच आहे. मी पाठशाळेत बोललो की विद्यार्थी माना डोलावतात. घरी बोललो की यमुना बरं म्हणते. माझे 'नाही' ऐकून त्यात अदब नाही असे मला या वयात सांगणारे माणूस तुमच्याखेरीज भेटले नाही. तुम्ही गेलात तर माझ्याशी कुणी वाद घालणार नाही. मला ते नको आहे."

"एवढंच?"

"एवढेच."

"स्वार्थीच आहात," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांची कड हालली.

मी खुर्चीतून उठलो. उठण्याला श्रम पडले. भरल्या पखालीखालून निघावे तसे. दोन पावले बाजूला झालो आणि मागे पाहिले. बैठकीचा वेत वर आला नव्हता. ताणलेला होता, जसा माणसाच्या भाराखाली ताणतो तसा. उजवीकडे किंचित अधिक.

एस्तेरबाईंनीही ते पाहिले. त्या घाबरल्या नाहीत. पदर सारखा करून ताठ बसल्या, आणि खुर्चीकडे पाहत, वर्गात बोलावे तशा स्वच्छ इंग्रजीत बोलू लागल्या. मी ते मराठीत देतो, कारण ते तसेच सांगण्याचा मला अधिकार नाही.

"मिस्टर अमोलिक, आयुष्यभर मी होकार मागितला आणि तुम्ही तो सहजी दिला नाही. आज मागितला तर मागितल्याबरोबर दिलात. एकही फेरी न करता. वादाशिवाय दिलेला होकार मी कधी घेतला आहे का?" त्या थांबल्या. त्यांच्या थांबण्यात मला इतके आठवडे शिकविलेले सारे काही होते. "आज तुम्हांला नाही म्हणायला समोर कुणी नाही. तेव्हा ते मीच म्हटलं पाहिजे. आय बेग टु डिफर."

खोलीत काही हालले नाही. मग वेताचा एक लांब, कोरडा आवाज झाला, आणि बैठक हळूहळू वर आली. जड देहाचा, मानी माणूस उठतो तशी. घाई न करता.

एस्तेरबाई पुष्कळ वेळ त्या खुर्चीकडे पाहत बसल्या. नंतर त्यांनी डोळे पुसले आणि मला पाठ फिरवून बसायला सांगितले, म्हणून मी दाराकडे तोंड करून स्टुलावर बसलो. त्या मागे हळू रडत होत्या. ते रडणे मराठीत होते, एवढेच मला सांगता येईल.

शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वी झाली, आणि बाई त्यानंतर बरीच वर्षे जगल्या, हे मी येथेच सांगून टाकतो. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवणे बरे नव्हे. मला शेवटी सांगायचे आहे ते त्याच संध्याकाळचे.

डॉक्टर रूबेन आले. पायरीवरच चपला काढून ते आत आले, मला स्टुलावर आणि खुर्ची रिकामी पाहून जरा थबकले, आणि बाईंसमोर उकिडवे बसले. त्यांना नकाराचीच अपेक्षा होती, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होते.

"काय ठरलं, काकू? दुसऱ्या बाजूचं आलं का?"

"आलं," एस्तेरबाई म्हणाल्या. "पण आमचं एकमत झालं नाही. तू तारीख सांग."